पांढरीच्या भिंतीतलं गाडगं

"दादा, पोरगं मेटल डिटेक्टर घेऊन येतो म्हणतंय. आपल्याकडं चालतं का ते?"

नोव्हेंबरात धाकट्या भावाचा फोन आला. तो अमेरिकेत, ॲरिझोनात असतो. पुतण्या बारा वर्षांचा आणि त्याला दगडांचा भारी नाद. सुट्टी आली की बापलेक गाडी काढून डोंगरात जातात, ओढ्याकाठी पाटी घेऊन बसतात आणि वाळू धुऊन सोन्याचा कण दिसतो का बघतात. तिकडचे नियम पोराला तोंडपाठ. केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवरनं हौसेपुरते दगड नेता येतात. दगड झालेलं लाकूड दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंडांपर्यंत, आणि तेही विकायचं नाही. राष्ट्रीय उद्यानातनं खडासुद्धा उचलायचा नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची जुनी खापरं, हत्यारं सरकारी जमिनीतनं काढायची नाहीत, त्याला १९७९ चा वेगळा कायदा आहे. हे सगळं घडाघडा सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, तुमच्याकडे काय रूल आहे?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला लागलं. २००५ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर नदीच्या घाटाखाली गाळात मला चार नाणी सापडली होती. तीन शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आणि एकावर फारसी अक्षरं. मी ती नाण्यांचा नाद असलेल्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली. मोबदला घेतला नाही, त्यामुळे आपण काही वावगं केलं असं तेव्हा वाटलं नाही. आज ती नाणी कुठं आहेत मला ठाऊक नाही. कोणत्या पायरीखाली सापडली हेसुद्धा छातीठोकपणे सांगता येणार नाही. ही रुखरुख इतकी वर्षं मनात होती. पोराच्या प्रश्नाने ती वर आली.

महिनाभर हातात होता. एका वकील मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "आधी जमीन कुणाची ते बघायचं, मग वस्तू काय आहे ते बघायचं. दोन्ही कळल्याशिवाय वाकून काही उचलायचं नाही." मग त्याने कायद्यांच्या प्रती काढून दिल्या आणि मी त्या रात्री बसून वाचल्या. त्यातला एक होता १८७८ चा, भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे लपवून ठेवलेल्या धनाचा कायदा. जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या कशातही लपवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! तेव्हाचे. तो आकडा आजही तोच आहे. हा कायदा आपल्या कामी येईल असं वाचताना मनातसुद्धा आलं नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सातजण निघालो. भडंगाचा डबा, धपाटी, पोराची पाटी, भिंग, वही आणि तो डिटेक्टर. विट्याचे मामाही बरोबर होते. मामांनी हयात गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात काढली. विटा-खानापूर-आटपाडीकडची हजारो माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, मामा त्यांतलेच. मूस, भट्टी, तेजाब आणि कसोटी यांतच त्यांचे केस पिकले. पोराला सोन्याचा नाद आहे म्हटल्यावर ते आपणहून गाडीत बसले.

पहिला मुक्काम सागरेश्वर. हे अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडी आणायचं मनावर घेतलं आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. फिरताना पोराला वाटेवर एक दगड दिसला. बसाल्टच्या तुकड्यात बदामाएवढी पोकळी आणि आत पांढऱ्या सुया. आपल्याकडं विहीर खणताना असले दगड निघतात, गावात सरसकट गारगोटी म्हणतात. पोराने हात लावला नाही, आधी वनरक्षकाला विचारलं. वनरक्षक तरुण होता. खाली बसला, दगड बघितला आणि म्हणाला, "बाळा, फोटो काढ. न्यायचा नाही." भावाला ते जरा अती वाटलं. एका दगडाने काय होतंय, असा त्याचा चेहरा. मी मात्र वाचून आलो होतो. १९२७ च्या वन कायद्यात वनोपज म्हणजे नुसतं लाकूड, मध आणि डिंक नव्हे. वनातली वरची माती, दगड आणि खनिजंही त्यात येतात, आणि त्या यादीत जांभा दगडाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. अभयारण्यातनं तर परवान्याशिवाय काहीच हलवता येत नाही. पोराने वहीत दगडाचं चित्र काढलं, बाजूला तारीख लिहिली आणि दगड होता तसा, त्याच कुशीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघायला पोराला आवडलं, पण त्याचं खरं लक्ष काठच्या वाळूवर. आपल्या भागात नदीच्या वाळूला हात लावणं म्हणजे काय ते सांगायला नको. वाळू हे गौण खनिज, सरकारच्या मालकीचं, आणि त्यावरनं किती भांडणं, किती धाडी. त्यामुळे मी पोराला आधीच बजावलं होतं की एक पाटी धुवायची, बघायचं आणि सगळी वाळू जागच्या जागी ओतायची. तरी पाटी बुडवल्याबरोबर काठावरचे दोघे उठून आलेच. "वाळूचं काय करायलाय?" मामांनी त्यांना समजावलं, मग तेही बघत बसले.

पोराचा हात चांगला बसलेला होता. पाटी तिरपी धरून गोल फिरवायची, हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरनं सोडायची, जड ते तळाला राहतं. शेवटी तळाला काळीभोर चिमूटभर वाळू उरली. त्याने पिशवीतनं लोहचुंबक काढून कागदाआडून फिरवला, तर जवळजवळ सगळी काळी वाळू उभी राहून चिकटली. मामांनी भिंग डोळ्याला लावलं, उरलेले चार कण नखावर घेऊन उन्हात धरले आणि मान हलवली. "ह्यात सोनं न्हाई बाळा. हे लोखंडाचं पोटचं हाय." बरोबरच होतं. इथपर्यंत येणारं कृष्णेचं पाणी सगळं काळ्या कातळावरनं येतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो कातळ, त्यात चुंबकाला लागणारं लोहखनिज भरपूर. सोनं मिळतं ते कोलार-हट्टीकडच्या त्याहून कितीतरी जुन्या खडकात. पोर हिरमुसलं नाही. सोनं नाही हेसुद्धा त्याने वहीत लिहून घेतलं. मामांना हे फार आवडलं. "धंद्यात असाच गडी लागतो," म्हणाले.

साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधनं आणलेली वाघनखं बघायला गर्दी होती. आम्हीही बघितली. आपल्या मातीतली वस्तू बघायला आपण रांग लावतो आणि ती परत जाणार आहे हेही आपल्याला माहीत असतं, याचं मला तिथं उभं राहून वाईट वाटलं. कासला फुलांचा हंगाम संपलेला, पठार वाळून पिवळं पडलेलं. पण उघड्या जांभ्याचा तो सडा पोराला फुलांपेक्षा जास्त भावला. अजिंक्यताऱ्यावर डिटेक्टर गाडीतनं बाहेर काढायचा नाही असं ठरलंच होतं.

परतीला गावी आलो. आमचं गाव कृष्णाकाठचं, पलूसच्या बाजूचं. गावठाणात आजोबांचं घर आहे. २००५ च्या आणि २०१९ च्या पुराने त्याची मागची बाजू बसली, तेव्हापासून तिथं कुणी राहत नाही. भिंती पांढरीच्या मातीच्या. पांढरी म्हणजे जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणूस राहिला ती जागा. तिथली माती राखेने आणि शेणामुताने पांढुरकी होते, आणि जुन्या काळी तीच माती उकरून नवीन भिंती घालत. डिटेक्टर चालवायचाच तर आपल्या स्वतःच्या घरात चालवू, म्हणून मी पोराला तिथं मोकळं सोडलं. त्याला दोन खिळे सापडले, मग बैलगाडीच्या धावेचा तुकडा. नंतर मागच्या अर्ध्या पडलेल्या भिंतीजवळ यंत्र लांबलचक ओरडायला लागलं.

भिंतीतनं पावसाने माती ओघळली होती आणि एका जागी मडक्याचा काठ दिसत होता. काळा, बोटभर जाडीचा. पोराने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. "काका, आधी फोटो?" मी हो म्हटलं. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, शेजारी आपली पट्टी उभी धरून. मग वहीचं एक पान घेऊन भिंतीचं चित्र काढलं, जोत्यापासून किती, कोनाड्यापासून किती हात, सगळं मोजून. तेवढ्यात ओलीने सैल झालेला मातीचा ढेकूळ आपसूक सुटला, गाडग्याची एक बाजू खाली आली आणि त्याबरोबर नाणी ओघळली.

एकोणीस होती. एकमेकांना चिकटलेली, हिरव्या कळकाने माखलेली. एक वरचं तेवढं जरा उघडं होतं. ते मी तळहातावर घेतलं. कडा वेडीवाकडी, एका बाजूला चेपलेली. एका अंगाला "छत्र" आणि "पति" या दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या. दुदांडी शिवराई. दुसऱ्या अंगाला "शिव" तेवढं वाचता आलं. बाकी गंजाखाली. मामा तिथंच होते. त्यांचा हात सवयीने चिंचेकडे, तेजाबाकडे जाणार, हे ओळखून मी म्हटलं, "मामा, धुवायचं नाही." ते म्हणाले, "न्हाई धुवत. कळकाखाली अक्षरं अस्त्यात, कळक काढला की अक्षरंबी जात्यात."

त्या क्षणी मला २००५ ची ती चार नाणी आठवली. मी भावाला म्हटलं, आता कायद्याप्रमाणे जायचं.

पहिल्यांदा पोलीस पाटलांना बोलावलं. मग तलाठी आले. पंचनामा झाला, वाण्याच्या काट्यावर एकोणीस नाण्यांचं वजन १८२ ग्रॅम भरलं, गाडग्याचे तुकडे वेगळ्या पिशवीत घातले. तोवर गावात पसरलं होतंच. गुप्तधन सापडलं! संध्याकाळपर्यंत एकोणीसचे एकशेनव्वद झाले आणि तांब्याचं सोनं झालं. दोन अनोळखी माणसं रात्री मोटारसायकलवरनं आली. आम्ही येतो, जागा बांधून देतो, अजून खाली आहे, फक्त अमावस्येची रात्र लागेल. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही बोलताय त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, आणि पाटील पलीकडच्याच गल्लीत राहतात. ती गेली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावचा एक जण एका नाण्याला पाच हजार द्यायला तयार झाला. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही. वारशाने घरात आलेली शिवराई देव्हाऱ्यात ठेवायला कुणाची आडकाठी नाही. पण भिंतीतनं निघालेली, ज्यावर अजून कुणाचा हक्क ठरलेला नाही ती विकायची म्हणजे दुहेरी गुन्हा. भावजय जरा घाबरली होती. पोर मात्र कायद्याची कलमं मोबाईलवर वाचत होतं.

तहसीलला गेलो तो दिवस मात्र जड गेला. टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "अहो, ढब्बू पैसे आहेत. ठेवा घरात. कशाला नादी लागता?" मी कलम चार दाखवलं. काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख एवढं लेखी द्यायचं, आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात ठेवायची किंवा हजर करू असा जामीन द्यायचा. तो म्हणाला असला अर्ज आमच्याकडे कधी आला नाही. दोन तास बसलो. शेवटी वरिष्ठ आले, त्यांनी स्वतः कायदा वाचला आणि आवक क्रमांक घालून पोच दिली. मूळ अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, सही भावाची, पोर अल्पवयीन म्हणून त्याच्या वतीने. जागेचे मालक म्हणून माझी वेगळी. लाखेच्या मोहोरेचं पाकीट उपकोषागारात गेलं. कळवलं नसतं तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, हे त्याच कायद्यात आहे. असा अर्ज कुणाला करायचा झाला तर एक सांगतो. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका आणि अर्जाला फोटो जोडा.

खरी अडचण पुढेच निघाली. जागेचा मालक कोण? गावठाणातलं घर, त्यामुळे सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. त्यावर नाव आजोबांचं. आजोबा जाऊन एकतीस वर्षं झाली, वारसनोंद कुणी केलीच नव्हती. आम्ही दोघे भाऊ, तिघे चुलते, त्यांतले दोन वारलेले, त्यांची मुलं कुणी पुण्यात, कुणी इचलकरंजीत. ती नोंद करायलाच तीन महिने गेले. एकोणीस नाण्यांनी आमच्या घराण्याचं रखडलेलं काम करून घेतलं असं चुलतभाऊ म्हणाला ते खरंच आहे.

मार्चमध्ये अधिसूचना निघाली. कुणाचा हक्क असेल त्याने अमुक तारखेला हजर व्हावं. ही तारीख अधिसूचनेपासून चार महिन्यांच्या आत धरता येत नाही आणि सहा महिन्यांच्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे आमची ऑगस्टात आली. मधल्या काळात, एप्रिलच्या उन्हात, पुण्याहून पुरातत्व खात्याचे एक अधिकारी घर बघायला आले. मला वाटलं होतं ते नाण्यांबद्दल विचारतील. नाणी त्यांनी कोषागारात बघितली होती आणि मराठेशाहीच्या उत्तरकाळातली आहेत एवढंच म्हणाले. ते भिंतीपुढे उभे राहिले आणि विचारत गेले. गाडगं किती उंचीवर होतं? तोंड वर होतं की आडवं? भोवतालची माती भिंतीसारखीच होती की निराळी, मऊ? म्हणजे भिंत घालतानाच आत ठेवलं, की नंतर भिंत कोरून ठेवलं? भिंत मोठ्या मातीच्या थरांनी घातलेली, आणि गाडग्याभोवती मात्र भुसा मिसळलेला बारीक गिलावा. पण जानेवारीत अवकाळी पाऊस पडून तेवढा भाग खाली आला होता. दाखवायला काही उरलं नव्हतं.

मी पोराचे फोटो आणि त्याचं ते पान पुढे ठेवलं. अधिकारी पायरीवर बसले आणि बराच वेळ ते पान बघत राहिले. गिलाव्याचा तो वेगळा रंग पोराने तिरप्या रेघा मारून दाखवला होता. नंतर कोरून ठेवलेलं आहे, ते म्हणाले, कोनाडा बुजवलाय. मग त्यांनी मूळ पान मागितलं. मी तिथूनच अमेरिकेला फोन लावला. तिकडं मध्यरात्र होती. पोराने झोपेतच, पण लगेच हो म्हटलं.

ऑगस्टात तारखेला आम्ही सगळे चुलत-सख्खे जिल्हाधिकारी कार्यालयात हजर झालो. धाकटी चुलती ऐंशीच्या पुढची, तिला खुर्चीवर बसवून वर नेलं. तिने सांगितलं की तिच्या आजेसासूच्या तोंडून कोनाडा बुजवल्याचं तिने ऐकलं होतं. प्लेगात घर सोडून रानात झोपड्या घालून राहायला जाताना कुणीतरी तो बुजवला म्हणे. कोणी, ते तिला आठवेना. लपवणं शंभर वर्षांच्या आतलं निघालं असतं तर मालकीचा वेगळा दावा चालला असता. ते तसं नाही हे तिच्या सांगण्यावरनं दिसत होतं. कायद्याने तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला मिळतो. एकोणीस नाण्यांचे असे वाटे घालायचे तर गाडगं पुन्हा एकदा फुटणार. आम्ही सगळ्यांनी मिळून लिहून दिलं की नाण्यांचे वाटे घालू नयेत, सगळी सरकारने घ्यावीत. तशी घेतली तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश वर. तांब्याच्या भावाने दोनशे रुपयांच्या आतलं काम. भावानेही तिकडून तसंच पत्र पाठवलं होतं. हुकूम अजून व्हायचा आहे.

सुनावणीत फाईल उघडी होती. तिच्यात पंचनामा, नमुना आठ, वारसनोंद आणि त्यामागे वहीचं ते रेघांचं पान, उजव्या कोपऱ्यात शाईने घातलेला पृष्ठ क्रमांक ३७. भिंतीची उंची कळावी म्हणून पोराने शेजारी एक काडीचा माणूस काढला होता. बाकी सगळं इंग्रजीत, पण त्या माणसाखाली त्याने आजीने शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, काका.